टाडो वेगो

नवऱ्याला इंजिनातलं सगळं कळतं असा ज्या बाईचा समज असेल, तिनं एकदा त्याच्या हुकमावर ट्रकचं हँडल फिरवून बघावं. मी फिरवलं आहे. खांदा पुढं कितीतरी दिवस ठणकत होता आणि समज तेवढा त्याच दिवशी गेला.

ही बासष्ट सालच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. राळेगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा मोटार म्हणून एकच होती आणि ती आमची होती. म्हणजे अर्धी आमची, अर्धी हरिसिंगची. दुसऱ्या महायुद्धातून उरलेला, पेट्रोलवर चालणारा एक म्हातारा ट्रक आमच्या ह्यांनी आणि त्यानं मिळून घेतला होता. आमचे हे म्हणजे किसनराव. कापूस-तुरीची शेती आणि लोखंडाचा नाद. हरिसिंग नाल्यापलीकडच्या तांड्यातला. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळा मुलूख पालथा घातला होता. पुढं तांडा एका जागी बसला, शेती करू लागला, पण हरिसिंगच्या पायांना ते काही मानवलं नाही. तो मला म्हणायचा, "वयनी, आमी मूळचेच मालवाले. फकत बैलाच्या जागी चाकं आली."

किती सुखाचे होते ते दिवस. गावोगावचा कापूस भरून ट्रक यवतमाळच्या जिनिंगला जायचा. पुढं हे दोघं, मागं कापसाच्या ढिगावर हमाल पसरलेले. संध्याकाळी दोघं परत यायचे आणि आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली चहा घेत बसायचे. दोघांच्याही कपड्यांना पेट्रोलचा वास, दोघांच्याही मिशांत कापसाची रुई. दोघांचं बोलणं वऱ्हाडीत चालायचं. पण हरिसिंग एकदा ट्रकखाली शिरला की त्याची बोली बदलायची. ट्रकशी तो फक्त गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत, बोलायचा. चढावर "चाल याडी, चाल" म्हणायचा, म्हणजे चाल माय, चाल. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "इले मराठी येत नाई, वयनी."

मला मात्र त्याची बोली येऊ लागली होती, ती त्याच्या बायकोमुळे. जमनाबाई आमच्या वावरात कापूस वेचायला यायची. दिवसभर दोघी एका ओळीत वेचायचो, एका झाडाखाली भाकर खायचो. मी तिच्या घरी गेले की ती "आव बाई, बेस" म्हणून गोधडी अंथरायची. अशी बोली काय, पाण्यासारखी अंगात मुरते. आमच्या ह्यांनाही येते असं ह्यांना वाटायचं. "वेगो" म्हणजे झालं, एवढा एक शब्द पक्का येत होता. तो हे जिथं तिथं वापरायचे. जेवण वेगो, अंघोळ वेगो. हरिसिंग हसायचा आणि ह्यांना वाटायचं आपण किती छान बोलतो.

त्या ट्रकचा एक आवाज होता. इंजिनाच्या घरघरीवर बारीक टिक टिक चालायची. शिवणयंत्र चालावं तशी. ट्रक नाल्याच्या उतारावर असतानाच ती मला चुलीपाशी ऐकू यायची आणि मी चहाचं पाणी ठेवायची. ते टॅपेट वाजतात, असं हे सांगायचे. इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात, त्यांना दाबायला वर रॉकर असतात, आणि दोघांच्या मधे केसाएवढी फट ठेवावी लागते. त्या फटीमुळे आवाज येतो. ह्यांना तो आवाज आवडत नसे. हे म्हणायचे, जुन्या इंजिनाची खोडी आहे, नवं हेड बसलं की जाईल.

आणि नवं हेड बसवायची वेळ आलीच. यवतमाळच्या अलीकडच्या चढावर इंजिन तापलं, कुणीतरी घाईनं गार पाणी ओतलं आणि हेडला चीर गेली. हरिसिंग नागपूरला गेला. हे तुरीच्या कामात अडकले होते म्हणून तो एकटाच गेला, आणि नवं हेड, नवे व्हॉल्व्ह, नव्या स्प्रिंगा असा सगळा ऐवज एसटीच्या टपावर घालून घेऊन आला. दुकानदारानं त्याला बसवायची रीत नीट समजावून दिली होती. हेड बसवा, थोडा वेळ इंजिन चालवा, मग पुरतं थंड होऊ द्या. थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळा आणि मग फट ठेवा. गरमात हात लावू नका.

आता हे सगळं हरिसिंगनं ह्यांना सांगितलं असेल असं कुणालाही वाटेल. त्यानं एवढंच सांगितलं, "वरतं तू पाह्य, खालतं मी पाह्यतो. मी इचारीन, मंग तू कर." दोघांची कामाची वाटणी आधीपासून हीच होती. ह्यांचा हात बारीक कामात स्थिर, म्हणून वरचं काम ह्यांचं. हरिसिंगला पाठीवर पडून काम करायची सवय, म्हणून खालचं त्याचं. आणि एकानं दुसऱ्याचं काम तपासायचं नाही, हाही त्यांचा नेम. तपासलं म्हणजे भरोसा नाही, असं दोघंही मानायचे.

हेड बसलं. इंजिन चालवून बंद केलं. हरिसिंग सायलेन्सरची नळी आवळायला खाली शिरला, हे मडगार्डवर चढले. काही वेळानं खालून त्यानं काहीतरी विचारलं, वरून ह्यांनी ऐटीत "वेगो" म्हणून उत्तर दिलं. मी लांब ओसरीत तूर पाखडत होते. मला त्यातलं "वेगो" तेवढं ऐकू आलं आणि हसू आलं.

ट्रक सुरू केला तर टिक टिक बंद. इंजिन असं गुपचूप चालत होतं की गावातली माणसं बघायला आली. हे मिशीवर हात फिरवत उभे. "पाह्यलं, नवं हेड," असं जो येईल त्याला सांगत होते. मला मात्र चुकल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ट्रक थेट फाटकाशी येऊन उभा राहायचा तेव्हा मला कळायचं, आणि चहाला उशीर व्हायचा.

पण हे सुख चार खेपाही टिकलं नाही. ट्रक चढावर दम टाकू लागला. कार्बोरेटरमधून शिंका यायला लागल्या. कापूस भरलेला ट्रक एकदा कळंबच्या पुढं बैलजोडी लावून ओढून आणावा लागला. हेड उघडलं तर व्हॉल्व्हच्या कडा जळून कुरतडल्यासारख्या झालेल्या.

हरिसिंग म्हणाला, नागपूरवाल्यानं फसवलं, हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठकीच खराब आहेत. मग बैठका घासून झाल्या, व्हॉल्व्ह बदलून झाले. पुन्हा बसवलं, पुन्हा खालून विचारणं, पुन्हा वरून "वेगो". पुन्हा गुपचूप इंजिन आणि पुन्हा तेच. मग स्प्रिंगांवर संशय. जुनी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग शेजारी शेजारी उभी करून पाहिली. मग रॉकरला ढकलणाऱ्या काड्यांवर संशय. त्या सरळ आहेत का ते बघायला सपाट काच हवी, म्हणून माझा लग्नातला आरसा भिंतीवरून निघाला आणि त्याच्यावर त्या तेलकट काड्या लोळवण्यात आल्या. सगळ्या सरळ निघाल्या. आरशावरचे डाग मात्र राखेनंही गेले नाहीत. रॉकरपर्यंत तेल पोचतं का, तेही बघून झालं. पोचत होतं. सगळं चांगलं होतं आणि गाडी चालत नव्हती.

दोष सापडेना म्हटल्यावर माणसं माणसांत दोष शोधतात. हे मला घरात म्हणायचे, हरिसिंगचं घासणं बरोबर नाही, व्हॉल्व्ह बसतच नाहीत. तिकडं हरिसिंग जमनाला काय म्हणायचा कोण जाणे. कडुनिंबाखालचा चहा आता मुक्यानं होऊ लागला. मला ते बघवत नव्हतं. ट्रक भंगारात गेला असता तरी मला एवढं वाटलं नसतं. पण हे दोघं तुटले तर घरातलं माणूस गेल्यासारखं होणार होतं. आमच्या ह्यांना सख्खा भाऊ नाही. होता तो हाच.

शेवटी राळेगावच्या कापसाच्या बाजारात ट्रक फाटकातच बंद पडला. मागं बैलगाड्यांची रांग लागली. लोक ओरडू लागले, कुणी टिंगल करू लागलं. आणि आमचे हे, जे एरवी मुंगीला वाट देतात, ते भर बाजारात हरिसिंगकडं बोट दाखवून बोलले, "बैलामांगं हिंडनाऱ्याच्या हाती इंजिन देल्लं, माहीच चूक झाली."

मी तिथं नव्हते. मला जमनानं सांगितलं, तेही न रडता, न चिडता, कापूस निवडत निवडत सांगितलं. हरिसिंगनं पान्हा पुसला, सीटवर ठेवला आणि पायी तांड्यावर निघून आला. एसटीत ड्रायव्हर पाहिजेत म्हणून त्याला केव्हापासून बोलावणं होतं. ट्रक सोडवत नाही म्हणून तो टाळत होता. दुसऱ्या दिवशी तो यवतमाळला जाऊन नाव घालून आला.

मी घरी आले आणि ह्यांना जे बोलायचं ते बोलले. ते इथं सांगत नाही. हे ऐकून घेत होते, कारण आतून ह्यांनाही ते बोलणं टोचत होतं. पण कबूल करतील तर नवरे कसले. म्हणाले, "पयले मले हे दुरुस्त करू दे. मंग पाहू."

हेड पुन्हा एकदा नीट करून बसवलं. आता खाली जाणारं कुणी नव्हतं आणि पुढून हँडल फिरवणारंही. म्हणून पदर खोचून मी उभी राहिले. इंजिन थोडं चालवून बंद केलं, आणि फट ठेवायला हे मडगार्डवर चढून मला शिकवू लागले.

"असं जोरानं नाई वो. हयू. मी थांब म्हनलं का थांबजो."

"तुमी आदी पक्कं ठरवा काय करून राह्यले ते. माहा खांदा चाल्ला."

"अवं, रीत ठरेल हाये. ही मापाची पत्ती फटीत घालाची. सरकली पाह्यजे. मंग हरिसिंग खालून इचारे, टाईट वेगो क? का मी आखीन एक आटा मारो पेचकसानं आन् म्हनो, वेगो."

मी हँडल सोडलं. "कसं इचारे तो? पुन्हा सांगा."

"टाईट वेगो क."

"टाईट म्हने का टाडो म्हने?"

"टाडोच म्हने. त्यायच्या बोलीत टाईटले टाडो म्हनते."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? समजते."

मला आधी हसू आलं. मी तिथंच जमिनीवर बसले. "टाडो म्हंजे थंडं," मी म्हटलं. "जमना मले रोज म्हनते, च्या टाडो वेगो, पिऊन घे. तो तुमाले इचारत होता, इंजिन थंडं झालं का म्हनून. आन् तुमी आवयत होते."

हे इंजिनाकडं वळले. पत्ती घेऊन पुन्हा वाकले आणि नुकत्याच लावलेल्या पहिल्या व्हॉल्व्हच्या फटीत ती घालू लागले. पत्ती जाईना. सवयीनं तिथंही शेवटचा आटा मारून झाला होता. फट उरलीच नव्हती, म्हणून आवाज नव्हता. व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता, म्हणून जळत होता. ज्या शांत इंजिनाचं सगळ्या गावाला कौतुक सांगितलं, ते शांत होतं कारण त्याचा गळा आवळलेला होता. आणि हे सगळं प्रत्येक वेळी ह्यांच्याच हातानं, हरिसिंगच्याच प्रश्नावर झालं होतं.

मग हे मडगार्डवरून उतरले आणि बंपरवर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं. इंजिनाला हात लावून हे मधेमधे बघत होते. पुरतं थंड झालं तेव्हा उठले, बोल्ट आवळले, आणि प्रत्येक फट पत्तीनं मोजून तशीच राहू दिली. जास्तीचा आटा मारला नाही. मी हँडल मारलं. इंजिन लागलं आणि टिक टिक सुरू झाली. इतक्या दिवसांनी ती ऐकून मला रडू आलं.

हे म्हणाले, "झालं आता. तांड्यावर आवाज जाईनच. समजीन त्याले."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "चार लोकायसमोर बोल्ले, चार लोकायसमोर सांगा. टरक काय तुमच्या वतीनं माफी मांगाले जाईन?"

मीही ट्रकमध्ये चढले, म्हणजे वाटेत विचार बदलायला नको. तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तांड्याचा कारभार बघणाऱ्या नाईक पूनमसिंगच्या घरासमोर बाज टाकून माणसं बसली होती, त्यांतच हरिसिंग होता. ट्रकचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली होती. हे खाली उतरले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर सांगू लागले. काही लपवलं नाही. तो खालून काय विचारायचा, ह्यांना काय ऐकू यायचं, हे वरून कसे आटा मारून "वेगो" म्हणायचे, सगळं सांगितलं. बोलताना ह्यांच्या कपाळावर घाम होता.

आधी बायका हसल्या. मग म्हातारा पूनमसिंग पोट धरून हसायला लागला. कुणीतरी "टाडो म्हणजे टाईट" असं दुसऱ्याला ओरडून सांगितलं आणि पुन्हा हशा झाला. जमना पदरात तोंड घालून हसत होती. हरिसिंगही हसला. उठून ट्रकपाशी आला, बॉनेट उघडलं, कान देऊन ऐकलं. त्यानं व्हॉल्व्हच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता बराबर हाये."

माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, चला, संपलं एकदाचं. उद्या दोघं कापूस भरायला जातील.

हरिसिंगनं बॉनेट लावलं. ह्यांच्याकडं वळून तो हळू आवाजात बोलला, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "किसन, टाडोचं मले काई वाटत नाई. ते माह्या बोलीतलं होतं, तुले नाई समजलं. बाजारात तू जे बोल्ला ते मराठीत होतं. ते मले समजलं."

मग कुणी हसलं नाही. हरिसिंगनं ह्यांचा हात धरून बाजेवर बसवलं, जमनाला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला. शेतीचं, पावसापाण्याचं बोलणंही झालं. आणि त्या आठवड्यात तो एसटीत रुजू झाला.

ट्रक आम्ही पुढं थोडी वर्षं चालवला, मग विकला. हरिसिंगनं राळेगाव-यवतमाळ रस्त्यावर बरीच वर्षं एसटी चालवली. आमचं काही वैर नव्हतं. आमच्या घरच्या लग्नात तो होता, त्याच्या घरच्या लग्नात आम्ही होतो. मी रस्त्यात कुठंही हात केला तरी तो बस थांबवायचा. "या वहिनी, बसा," म्हणायचा, अगदी पुस्तकातल्यासारखं. पूर्वी तो मला वयनी म्हणायचा.

आमच्या ह्यांनी नंतर गोरबोली शिकून घेतली. मनावर घेऊन शिकली, जमनापाशी बसून, म्हाताऱ्या पूनमसिंगपाशी बसून. हे चांगली बोलू लागले, आता तांड्यातल्या माणसांना ह्यांच्या बोलण्यात खोट सापडत नसे. बसमध्ये चढले की हे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि हरिसिंगला त्याच्या बोलीत घरचं, शेतीचं, पोरांचं विचारायचे. तो पुढं रस्त्याकडं बघत सगळं नीट सांगायचा. हे गोरबोलीत विचारायचे आणि तो मराठीत उत्तर द्यायचा.